सोमवारी आणलेला माणूस

(पोस्टकार्ड)

मांडवखेड ठाणे,
मंगळवार, ता. ७ जानेवारी १९५८

ती. आजीस नानाजीचा कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला हुरडा पोचला. अर्धा हवालदारानं खाल्ला आणि वरून चटणी कमी तिखट म्हणाला. तू गावभर सांगत असतेस की माझा नातू चोर पकडतो. मी चोर पकडत नाही आजी, मी मुन्शी आहे, चोरांची नावं रोजनामच्यात लिहितो. लिहून लिहून बोटं आखडली. सुलोचना हिंगणघाटला माहेरी नीट आहे, आठवा महिना लागला.

आपल्या गावचा चिंधू काल सोमवारी दुपारपासून इथे आहे. बापूरावच्या विहिरीवरच्या इंजिनाचं पितळी सामान गेलं, त्याची विचारपूस चालू आहे. त्याच्या बायकोला, धुरपताला सांग की घोंगडी पाठव, फरशी फार गार आहे. भाकर मात्र पाठवू नको म्हणावं, त्याला चावत नाही. पेज पाठव. मी इथे आहेच, काळजी नसावी.

लोभ आहेच, तो हुरड्यासोबत पाठवत राहा.

तुझा नाना

॥ श्री ॥

सोनझरी,
रविवार, ता. १२ जानेवारी १९५८

चि. नानाजीस देवकाआजीचा आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बंद पाकिटात घालून, वरून शितानं चिकटवून पाठवते. तू उघडं कार्ड पाठवलं, ते बंडूजी पोस्टमननं येशीपासून माझ्या दारापर्यंत वाचत आणलं. मले अक्षर ओळखता येते हे त्याले माहीत आहे, तरी आधी मजकूर तोंडानं सांगितला, मग कार्ड हातात दिलं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईले कोणी शिकलेली मानत नाई.

चिंधू मेला. तुले माहीतच असन, गाडी तुझ्या ठाण्यातूनच निघाली. शुक्रवारी वर्ध्याच्या वाटेवर गाडीतच गेला म्हणतात. काल सकाळी त्याले गावात आणलं. हवालदारानं त्याच्या वस्तीत उभं राहून कागद वाचला. त्याले गुरुवारी सायंकाळी विचारपुशीसाठी आणलं आणि शुक्रवारी सकाळी छातीत कळ आली, असं त्या कागदात होतं. वाचून झाल्यावर म्हणाला का आता लवकर आटपा.

मी त्या वस्तीत गेलती. सत्तर वर्षांत पहिल्यांदा गेली. तुझी माय भागीरथा त्याच्यावरून कालपासून माझ्याशी बोलत नाई, न बोलो. चिंधूच्या तोंडावर कापड होतं, ते मी उचललं नाई. पाय उघडे होते. तळपाय पाह्यले. छातीत कळ आल्यानं तळपाय काळे होत नाई, नाना.

चोरीचं म्हणशील तर ते सामान अजून सापडलं नाई आणि कोणी शोधलंही नाई. मागच्याच्या मागच्या दसऱ्याले चिंधू नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून बापूरावचा मेलेला बैल ओढायले नाई म्हणत होता. हे सगळ्या गावाले माहीत आहे. चोर म्हणून नाव कोणी सांगितलं, तेही सगळ्या गावाले माहीत आहे.

आता मी काय म्हणते ते ऐक. तुझं कार्ड बुधवारी आलं. मी वस्तीच्या कडेले उभी राहून धुरपताले हाक मारली, पेज आणि घोंगडीचा निरोप दिला. ती भावासंग वर्ध्याले वकिलाकडं निघाली होती, पोरगं कडेवर घेऊन. मीच म्हटलं का जाऊ नको, आपला नाना ठाण्यात आहे, त्यानं काळजी नसावी लिहिलं आहे. ती थांबली. माझ्या सांगण्यावरून थांबली. गुरुवारी सकाळी पेज घेऊन तीन कोस चालत गेली. शिपायानं डबा आत नेला आणि रिकामा आणून दिला.

तुमच्या कागदात चिंधू गुरुवारी सायंकाळी आला. मग सकाळी ती पेज कोण प्यालं?

मले एवढंच लिही. चिंधूले कोणत्या वारी आणलं? थंडी, हुरडा, सुलोचनाची तब्येत, सगळं मागून लिहिलं तरी चालन. वाट पाहून राह्यली. लोभ असू दे.

देवकाआजी

मांडवखेड ठाणे,
गुरुवार, ता. १६ जानेवारी १९५८

ती. आजीस कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. चिंधूच्या निधनाची वार्ता दुःखद आहे. तथापि रोजनामच्यात जी नोंद आहे तीच खरी धरावी. सोमवारपासून गुरुवारपर्यंत मी गिरड येथे दर्ग्याच्या बंदोबस्तावर होतो, सबब त्या दिवसांत ठाण्यात कोण आले व कोण गेले याची मला प्रत्यक्ष माहिती नाही. कार्डावरील तारीख व मजकूर घाईत चुकीचा पडला. ते कार्ड चुलीत घालावे.

सुलोचनाचे दिवस भरत आले आहेत. ठाणेदारसाहेबांनी माझे नाव बढतीसाठी पाठवण्याचे कबूल केले आहे. अशा वेळी घरच्या माणसांनी जपून बोलावे. संक्रांतीचा तिळगूळ बंडूजीबरोबर पाठवला आहे.

लोभाची वृद्धी व्हावी, ही विनंती.

आपला नातू,
नानाजी

॥ श्री ॥

सोनझरी,
मंगळवार, ता. २१ जानेवारी १९५८

चि. नानास आशीर्वाद. वि. वि.

आलेलं पत्र तुझ्या हाताचं आहे, तुझ्या तोंडाचं नाई. सबब आणि तथापि तू माझ्यापुढं कधी बोलला नाई. मले आपले, आपण असंही कधी म्हटलं नाई. लिहिताना कोण बाजूले उभं होतं, ते जमलं तर कळव.

गिरडचं म्हणतो. तुझी माय त्याच मंगळवारी गिरडले गेलती. सुलोचनाची सुटका नीट व्हावी म्हणून दर्ग्यावर चादर बोलून आली. तिले तिथं पोलिसाचा पट्टासुद्धा दिसला नाई. तू तिथं असता तर तिनं तुले जेवल्याशिवाय सोडलं असतं का? हे तिच्यापुढं मी वाचलं तेव्हा ती चुलीपुढून उठून गेली. खोटं सांगायचंच होतं तर आधी मायले तरी विचारायचं, कुठं गेलती म्हणून. आणि तारीख तू घाईत चुकला असशील, पण कार्डावर पोस्टाचा ठसा आहे. पोस्टालेही घाई झालती का?

तुझ्या कार्डाले लई मागणी आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हवालदार आला, पाणी प्यायले म्हणून. पाणी पिता पिता फळीवर, उतरंडीमागं पाहून राह्यलता. त्याले सांगितलं का कार्ड चुलीत घातलं. मग बापूराव आला, तिळगूळ घेऊन. चाळीस वर्षांत त्यानं माझ्या हातावर तीळ ठेवला नव्हता. त्याले सांगितलं का शेळीनं खाल्लं. सदाशिवराव आला वर्ध्याहून, खादीची टोपी घालून, म्हणे न्यायासाठी द्या. त्याले सांगितलं का मले वाचता येत नाई, कोणतं कार्ड म्हणता? सदाशिवराव जनपद सभेच्या निवडणुकीले उभा राह्यणार आहे. त्याच्या हातात दिलं असतं तर रविवारी सभेत फडकवलं असतं आणि सोमवारी हरवलं असतं. कार्ड कुठं आहे ते तुलेही सांगत नाई.

रविवारच्या बाजारात सभा झाली. मी मागं मिरचीवालीच्या पालाजवळ बसली. लोक मोप होते, आपल्या गावचे, वस्तीतले, आणि दुसऱ्या गावचेही, ज्यांच्या घरच्यांनी असाच मार खाल्ला ते. मागण्या वाचल्या. चौकशी पोलिसानं करू नये, बाहेरच्या साहेबानं करावी. माणूस उचलला का त्याच दिवशी लिहावं आणि घरी कळवावं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं, असा कायदाच आहे म्हणाले. असा कायदा आहे हे मले त्या दिवशी कळलं. तुले तर नोकरी लागली तेव्हाच माहीत झालं असन.

सगळे बोलले. धुरपताले मात्र खाली सतरंजीवर बसवलं होतं. शेवटी ती आपणच उभी राह्यली आणि एवढंच विचारलं का त्याच्या अंगावरचे कपडे अजून काऊन परत दिले नाई. मग टाळ्या झाल्या. टाळ्या कशाले, ते मले समजलं नाई.

माझा प्रश्न तोच आहे. सोमवार का गुरुवार? तिळगूळ चांगला होता, पण त्यानं माझं तोंड गोड झालं असं समजू नको.

देवकाआजी

मांडवखेड,
सोमवार, ता. २७ जानेवारी १९५८

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे पत्र ठाण्यातून नाही, खोलीवरून लिहितो. मागचं पत्र साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं.

सोमवार. तुला माहीतच आहे, मग माझ्याकडून कशाले वदवून घेतेस? सोमवारपासूनची पानं शुक्रवारी दुपारी फाडून नवी लिहिली. साहेब सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. अक्षर सगळं माझं आहे. हेच तर तुला कळत नाही. कार्ड बाहेर आलं तर साहेब हात झटकतील, म्हणतील मुन्शीनंच पानं बदलली. फाशी मला लागेल, त्यांना नाही.

मी त्याच्यावर हात उचलला नाही. तुझी शपथ घेऊन सांगतो. मी पूर्ण वेळ बाहेरच्या टेबलावर लिहीत होतो.

वर्ध्याहून मॅजिस्ट्रेट येणार आहेत, बुधवारी ५ तारखेला, आपल्या गावच्या शाळेत. सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की गुरुवार म्हणायचं. मीही म्हणणार. नाही म्हटलं तर आजच नोकरी जाते, आणि सुलोचनाला पुढचा महिना नववा. तिचे वडील आधीच मला पोलीस म्हणून नाक मुरडतात, बिननोकरीचा म्हणून काय करतील? ते कार्ड जाळ आजी. तुला नातू हवा आहे की चिंधू? तो तर आता येत नाही.

लोभ पातळ होऊ देऊ नको.

नाना

॥ श्री ॥

सोनझरी,
गुरुवार, ता. ३० जानेवारी १९५८

चि. नानास आशीर्वाद. वि. वि.

वार लिहिला, बरं केलं. त्याच्यासाठी मले दोन पत्रं लिहावी लागली.

तू बाहेरच्या टेबलावर होता म्हणतो. मग त्याले भाकर चावत नाई, हे तुले बाहेर बसून कसं कळलं? फरशी गार आहे, हे कसं कळलं? तू आत गेलता, नाना. गेलता, पाह्यलं, आणि बाहेर येऊन मले पेजेचा निरोप लिहिला. तुझ्या मनात तेव्हा थोडी माया असन, नाई म्हणत नाई. पण पेज पाठवा असं लिहिलं आणि वर्ध्याले माणूस पाठवा असं लिहिलं नाई. कार्ड तेवढंच होतं, शाई तेवढीच लागली असती.

नातू हवा का चिंधू असं विचारतो. काऊन बे, माझ्यापुढं कोणी दोन ताटं ठेवली आहेत का? चिंधूले मीच घालवला म्हणते, अर्धा. धुरपता वर्ध्याले निघाली होती, तिले मी थांबवलं, कारण माझा नातू ठाण्यात होता. अख्ख्या वस्तीनं तेच मनात धरलं, का देवकाबाईचा नातू आहे, काही होणार नाई. तू तिथं नसता तर ती बुधवारीच वकिलाच्या दारात असती. याच्यावर तुले काही म्हणायचं असन तर मले नको लिहू, स्वतःशीच म्हण.

आता बुधवारचं. मी शाळेत येणार, धुरपताच्या बाजूले बसणार. कार्ड माझ्याजवळ असन. तू बोलशील तोवर ते मी बाहेर काढणार नाई. तू सोमवार म्हटलं तर तसंच घरी घेऊन येईन. गुरुवार म्हटलं तर उठीन. हे धमकावणं नाई, नुसतं कळवून ठेवते, म्हणजे मागून आजीनं फसवलं असं म्हणू नको.

त्या मॅजिस्ट्रेटवरही माझा विश्वास नाई. तो कोणाच्या घरी उतरतो, कोणाचं जेवतो, ते पाहीन. बापूरावनं आतापासूनच कोंबड्या बांधून ठेवल्या आहेत.

सुलोचनाले सांग, घाबरू नको. बाईले लेकरू नोकरीवर होत नाई. थंडीची जपून राह्य.

देवकाआजी

हिंगणघाट,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९५८

आजी, नमस्कार.

बुधवारी मी बोललो आणि लगेच दोघा शिपायांनी मले मागच्या दारानं बाहेर काढलं, ठाण्यात नेलं. सायंकाळी पट्टा आणि टोपी जमा करून घेतली. चौकशी होईपर्यंत कामावर नाई. मी इथं सुलोचनाच्या माहेरी आलो. सासरे बोलत नाई. सुलोचना बोलते, पण जपून, जसं तापकऱ्याशी बोलतात तसं.

मी गेल्यावर आत का झालं, ते मले कोणी सांगत नाई. इथं कोणी म्हणते का साहेबानं सगळं माझ्यावर घातलं, कोणी म्हणते का साहेबाची बदली झाली. खरं का आहे ते लिही.

आणि एक. मी तुले अजून सगळं सांगितलं नाई. चिंधू ठाण्यात होता त्या बुधवारी मी आत गेलतो, तेव्हाचं. ते लिहून होत नाई. घरी आलो तर तुले सांगीन. येऊ का?

माझ्यावरचा राग उतरला नसन तरी उत्तर पाठवजो.

नाना

॥ श्री ॥

सोनझरी,
गुरुवार, ता. १३ फेब्रुवारी १९५८

चि. नानास आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलं म्हणून आधी शाळेतलं लिहिते, पाह्यलं तसं.

तुझ्या आधी सहा जणांनी गुरुवार म्हटलं. बापूरावच्या गड्यानं तर वेळही सांगितली, जसं काही हातात घड्याळच होतं. तू उभा राह्यला तेव्हा ठाणेदार तुझ्याकडं पाहतही नव्हता, इतका निचिंत होता. तू सोमवार म्हटलं ते इतकं हळू म्हटलं का मॅजिस्ट्रेटसाहेबानं परत विचारलं. दुसऱ्यांदा नीट म्हटलं. पानं फाडल्याचंही सांगितलं. तेव्हा माझा हात कमरेच्या चंचीवर होता, तो मी काढून घेतला.

तुले बाहेर नेल्यावर ठाणेदार उठला. त्यानं आधी रुमालानं मान पुसली. मग म्हणाला का साहेब, आता लपवून उपयोग नाई, या मुन्शीनंच गावातल्या जुन्या वैरापायी माझ्यामागं चिंधूले मारलं आणि पानं बदलली, मी तर त्याले पाठीशी घालत होतो. तू लिहिलं होतं तसंच झालं. एवढं एक तू बरोबर ओळखलं होतं.

मग मी उठली. कार्ड काढलं आणि साहेबाच्या हातात दिलं. कार्ड परत घरी आणीन असं तुले लिहिलं होतं, ते मोडलं. साहेबानं मोठ्यानं वाचलं, हुरड्यापासून. ठाणेदार म्हणाला का हे मागून लिहिलं. साहेबानं ठसा दाखवला आणि विचारलं, ज्यानं जुन्या वैरानं मारलं तो त्याच्यासाठी घोंगडी आणि पेज मागवते का? ठाणेदार खाली बसला. बंडूजी दारात उभा होता, त्यानं आपणहून सांगितलं का कार्ड बुधवारी त्यानंच दिलं आणि त्याले पाठ आहे. त्याचं वाचणं जन्मात एकदा कामी आलं.

साहेब कार्ड फाइलीत घालू लागला. मी म्हटलं पावती द्या. ठाण्यातून वस्तू कशा हरवतात ते आम्ही पाह्यलं आहे. लोक हसले, साहेब हसला नाई. कागदावर लिहून, सही करून दिलं. मी दोनदा वाचलं, तारीख नव्हती, ती घालून घेतली. तेव्हा धुरपतानं कपड्यांचं परत विचारलं. साहेबानं तेही लिहून घेतलं. कपडे अजून आले नाई.

ठाणेदाराची बदली झाली, पण दुसऱ्या ठाण्यात, ठाणेदार म्हणूनच. तिथल्या लोकांनी का पाप केलं आहे? साहेबानं सगळे कागद वर पाठवतो म्हटलं. वर म्हणजे कुठं, ते विचारलं तर नागपूर म्हणाला. सदाशिवरावनं माझ्या गळ्यात हार घालायले आणला होता, तो मी शाळेच्या खिळ्याले अडकवला आणि त्याले सांगितलं का येत्या रविवारी धुरपतासंग नागपूरले जायचं आहे, कागद पोचले का ते पाहायले, भाषण नाई, नुसती गाडी सांग. तो दुसरं काम आहे म्हणत होता. मी त्याच्या दारात बसली. आता येतो म्हणते.

आता तुझं. तू सोमवार म्हटलं, ते मी तिथं आहे म्हणून म्हटलं का म्हणायचं होतं म्हणून, ते मले माहीत नाई. मी विचारतही नाई, कारण तू जे सांगशील ते मले खरं वाटणार नाई. मारलं नाई एवढं सिद्ध झालं म्हणून तू सुटला, असं गाव म्हणते. तुझी माय तर पेढे वाटायले निघाली होती, मी परात काढून घेतली. चिंधू आत होता आणि तू चार दिवस लिहीत बसला होता.

त्या बुधवारचं, आत गेलता तेव्हाचं, मले सांगीन म्हणतो. मले सांगू नको. मी तुझी आजी आहे, ऐकून घेईन, भाकर वाढीन, आणि तू मोकळा होशील. ते ऐकायचा हक्क माझा नाई.

ये. पण आधी घरी येऊ नको. मोटारीतून उतरल्यावर वाटेत वस्तीच लागते. धुरपता दिवसभर तुरीच्या कामावर असते, म्हणून उन्हं उतरल्यावर जा. तिनं बस म्हटलं तर बस, नाई म्हटलं तर उभा राह्य. ती विचारन ते सगळं सांग, आणि विचारणार नाई ते सांगू नको, तिच्या डोक्यावर आपलं ओझं ठेवायले तू जात नाई. हाकलून दिलं तर निघून ये, आणि दुसऱ्या दिवशी परत जा. मी तिले तू येणार आहे हे सांगितलं आहे. ती हो म्हणाली नाई, नाई पण म्हणाली नाई. नुसतं विचारलं का तो एकटा येईन का संग कोणी असन. मी म्हटलं एकटा. तेवढं तरी मले खोटं पाडू नको.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो आहे का नाई, ते तू तिच्या दारावरून आल्यावर तुझं तोंड पाहून ठरवीन.

देवकाआजी